सबमिट दाबलंच नव्हतं

मागच्या जूनपासून हे लिहायचं मनात आहे पण कामाच्या रगाड्यात राहूनच जात होतं. आज बसलेच.

माझी ताई कराडजवळ असते, दाजींचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. जून म्हणजे त्यांचा सीझन. सोयाबीनच्या बॅगा, डीएपी, युरिया, सकाळी सातपासून लोक दारात आणि निम्म्या ऑर्डरी फोनवर. हे फोन कुणाचे, तर कुठल्या कुठल्या वाडीवस्तीवरच्या शेतकऱ्यांचे, एकाचाही नंबर सेव्ह नसतो. "अनोळखी नंबर उचलू नका" असं आपण शहरात बसून सहज सांगतो ना, ते दाजींना परवडत नाही, एक फोन चुकला की ते गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

तर सईचा, म्हणजे माझ्या भाचीचा, सीईटीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी दाजी ट्रकमधनं युरियाची पोती उतरवून घेत असताना फोन वाजला. समोर एक पोरगा, हिंदीत, "सर, सई के पापा बोल रहे हैं?" दाजींना वाटलं कॉलेजमधून कोणी असेल. तर हा सांगायला लागला की सईला कॉम्प्युटर ब्रँच पाहिजे ना, तिच्या पर्सेंटाइलला पुण्यात चांगलं कॉलेज अवघड आहे, आमच्याकडे बेंगळुरूला सीट आहे, आज टोकन भरलं तर फीमध्ये सवलत. दाजींनी ठेवला फोन. अर्ध्या तासात दुसरा, मग एज्युकेशन लोनवाला, मग पंजाबातल्या कुठल्या युनिव्हर्सिटीचा, मग एक मुलगी गोड आवाजात मराठीत, "काका, सईशी बोलता येईल का?" चौथ्या दिवशी ताईने मोजले तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकोणीस फोन.

दाजींना राग फोनचा नव्हताच खरं तर. बापाच्या जागेवरून बघा, परका माणूस फोन करतो आणि आपल्या सतरा वर्षांच्या मुलीचं नाव घेतो, तिचे मार्क त्याला माहीत, तिला काय शिकायचंय ते माहीत, ती कुठल्या गावची ते माहीत. ते घाबरले होते, आणि भीती रागातनं बाहेर पडली ती सईवर. कुठं नंबर दिलास, कुणाला दिलास, तुला कितीदा सांगितलंय. सई रडत सांगत होती की एका वेबसाइटवर कॉलेज प्रेडिक्टर बघितला होता, पर्सेंटाइल टाकला की कुठलं कॉलेज मिळेल ते दाखवतात तो, त्यात नाव नंबर भरला पण शेवटी ओटीपी मागायला लागले म्हणून बंद केला, सबमिट दाबलंच नाही. कोणी विश्वास ठेवेना. ताईसुद्धा म्हणाली अगं दाबलं असशील, लक्षात नसेल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं झालं त्या पोरीचं.

रात्री तिचा मला फोन. "मावशी, तू वेबसाइटी बनवतेस ना, तू सांग, सबमिट न दाबता जातं का?"

आणि मला उत्तर माहीत होतं. जातं.

मी बारा वर्षं हेच काम करते, छोट्या छोट्या लोकांच्या वेबसाइट, दवाखाने, क्लासेस, मंगल कार्यालयं, हॉटेलं. मोठी कंपनी वगैरे नाही, मी आणि एक मुलगा. त्यामुळे पुढचं जे सांगतेय ते काही हॅकिंग नाही, कोणीही आपल्या लॅपटॉपवर बघू शकतं. त्या शनिवारी मी कराडला गेले, सईला शेजारी बसवलं, दाजींनाही दुकान बंद झाल्यावर बोलावलं, आणि तीच वेबसाइट उघडली. एफ-बारा दाबलं की ब्राउजरच्या खालच्या अंगाला किंवा बाजूला एक खिडकी उघडते, त्यात नेटवर्क नावाचा टॅब असतो. पान जेव्हा जेव्हा बाहेर कुणाशी बोलतं तेव्हा तिथे एक ओळ उमटते. बस एवढंच, दुकानाच्या दारात बसून कोण आलं कोण गेलं बघावं तसं.

फॉर्म भरायच्या आधीच, नुसतं पान उघडल्यावर, ओळींचा पाऊस पडला. त्यातल्या बऱ्याच त्या वेबसाइटच्या नव्हत्याच. गूगलच्या, फेसबुकच्या, जाहिरातींच्या कंपन्यांच्या, चॅटचा डबा पुरवणाऱ्याच्या, आणि एक अशी जी तुमचा माऊस कुठे कुठे फिरला त्याचं रेकॉर्डिंग करते. मग मी नावाच्या चौकटीत खोटं नाव टाकलं, "अबक चाचणी". मोबाइलच्या चौकटीत माझा कामाचा जुना नंबर टाकायला लागले. दहावा आकडा टाकला, बोट उचललं, पुढच्या चौकटीत क्लिक केलं आणि त्याच क्षणी खाली एक नवीन ओळ. ती ओळ उघडून दाखवली दाजींना. आत स्वच्छ अक्षरात, अबक चाचणी, माझा पूर्ण नंबर, आणि शेजारी एक शब्द होता, "पार्शियल". अर्धवट. सबमिटचं निळं बटण तसंच होतं पानावर, हातही लावला नव्हता त्याला.

दाजी काही बोलले नाहीत बराच वेळ. मग सईच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठून गेले. सई मात्र त्या ओळीकडे बघत बसली होती, मला म्हणाली, "मग बटण कशाला ठेवलंय?"

हा प्रश्न इतका बरोबर आहे की मला अजून त्याच्यापेक्षा चांगला प्रश्न सुचलेला नाही. बटण म्हणजे संमती ना. मी हो म्हटल्याशिवाय माझी वस्तू न्यायची नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि हे काही एका वेबसाइटचं नाही हो. २०२२ मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी जगातल्या वरच्या एक लाख वेबसाइट तपासल्या होत्या, मुद्दाम फॉर्ममध्ये ईमेल टाकायचा आणि सबमिट न दाबता थांबायचं. युरोपातून बघितलं तर १,८४४ वेबसाइट ईमेल आधीच उचलून ट्रॅकिंगवाल्यांना पाठवत होत्या, आणि त्याच वेबसाइट अमेरिकेतून उघडल्या तर आकडा २,९५०. म्हणजे जिथे कायदा कडक तिथे कमी आणि जिथे ढिला तिथे जास्त. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तंत्रज्ञान तेच, कंपन्या त्याच, फक्त विचारणारं कोणी आहे की नाही एवढाच फरक.

आमच्या धंद्यात याला "लीड" म्हणतात. माणूस नाही, विद्यार्थी नाही, लीड. अर्धवट भरून गेलेला तो "ड्रॉप लीड", त्याला फोन करायला वेगळी माणसं बसवलेली असतात कारण तो "गरम" असतो, आत्ताच त्याच्या मनात विषय आलेला असतो. निकालाच्या दिवसांत बारावीच्या लीडला भाव असतो. एकच लीड चार कॉलेजांना, दोन लोनवाल्यांना आणि एका होस्टेलवाल्याला जातो, आणि त्यातला प्रत्येक जण पुढे कोणाला देतो ते देवाला माहीत. बेंगळुरूवाल्याला सईचं नाव कळलं ते असं.

त्या रात्री मी त्या वेबसाइटची प्रायव्हसी पॉलिसी वाचली. अख्खी. इंग्रजीत, बारीक अक्षरात, लॅपटॉपवर चौदा वेळा खाली सरकवावी लागली. सई माझ्या शेजारी आडवी पडून वाचत होती, तिचं इंग्रजी चांगलं आहे तरी तिसऱ्या परिच्छेदाला म्हणाली हे काय म्हणतायत तेच कळत नाही. मधे एक वाक्य होतं, त्याचा सरळ अर्थ असा की तुमची माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो, आणि भागीदार म्हणजे कोण हे कुठेही लिहिलेलं नाही. आणि फॉर्मच्या खाली राखाडी रंगात अजून एक ओळ होती, आधीच टिक मारलेली, की मी या कंपनीला आणि तिच्या भागीदारांना फोन, एसएमएस, व्हॉट्सॲपने संपर्क करायला परवानगी देतो, माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी. डीएनडी असला तरी! म्हणजे तुम्ही १९०९ वर नोंदणी करून, सरकारकडे जाऊन सांगितलंय की मला असे फोन नकोत, आणि राखाडी रंगातली एक ओळ येऊन सांगते की ते सगळं रद्द.

आता थोडं मागे जाते कारण हे असं कसं झालं हे मला स्वतःला नीट कळायला बरीच वर्षं लागली. वेबचा मूळ स्वभाव विसरभोळा आहे. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने दिलं, विषय संपला, पुढचं पान मागितलंत तर त्याला तुम्ही कोण ते आठवत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउजर बनवणाऱ्या कंपनीत लू मोंटुली म्हणून इंजिनियर होता, त्याच्यापुढे प्रश्न आला की ऑनलाइन दुकानात माणसाने टोपलीत काय टाकलंय ते लक्षात कसं ठेवायचं, म्हणून त्याने कुकी काढली. एक छोटीशी चिठ्ठी, वेबसाइट ती तुमच्या ब्राउजरकडे देते आणि पुढच्या वेळी ब्राउजर ती दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला देतात ना, तसंच. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं, फक्त नंबर, आणि तो त्याच चपलांच्या कट्ट्यावर चालतो.

गडबड कुठे झाली, तर एका पानावर दुसऱ्यांच्या वस्तू यायला लागल्या. जाहिरात एकाची, लाइकचं बटण दुसऱ्याचं, आणि डोळ्याला न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र तिसऱ्याचं. हा प्रत्येक जण आपापला बिल्ला द्यायला लागला. आता समजा गावातल्या प्रत्येक देवळाबाहेर, प्रत्येक दुकानाबाहेर, दवाखान्याबाहेर एकाच ठेकेदाराचा चपलांचा कट्टा आहे. त्याला तुमचं नाव माहीत नसलं तरी बिल्ला नंबर अमुक सकाळी दवाखान्यात होता, दुपारी बँकेत, संध्याकाळी सोनाराकडे, हे सगळं त्याच्या वहीत. आणि मग एक दिवस कुठल्यातरी एका फॉर्ममध्ये तुम्ही नाव टाकता, आणि सगळी वही तुमच्या नावावर चढते. हे म्हणजे कुकी वाईट असं नाही, लॉगिन राहतं ते तिच्यामुळेच. वाईट आहे तो सगळीकडचा एकच ठेकेदार. सफारी आणि फायरफॉक्सने असल्या बाहेरच्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली त्याला काही वर्षं झाली. गूगलने क्रोमसाठी जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत बंद करतो, मग पुढे ढकललं, परत ढकललं, आणि जुलै २०२४ मध्ये सांगितलं की नाही करत. जाहिरातीवर ज्याचं पोट, तो स्वतःहून ते बंद कशाला करेल.

"नाव काढून टाकतो मग काय हरकत आहे" असं एक उत्तर नेहमी मिळतं, ते ऐकलं की मला एओएल या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीची गोष्ट आठवते. २००६ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने संशोधनासाठी म्हणून साधारण साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सर्च उघडे करून टाकले, नावं काढून, नावाच्या जागी नुसते आकडे. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका आकड्याचे सर्च वाचत वाचत थेट त्या बाईंच्या घरापर्यंत रस्ता काढला. वयस्कर बाई, एकट्या राहणाऱ्या, आपल्या गावातल्या माळ्याबद्दल, कुत्र्याबद्दल, दुखण्याबद्दल शोधत होत्या. आपण जे सर्च करतो ते आपण डॉक्टरला, नवऱ्याला, आईला पण सांगत नाही कधीकधी. ते जोडून वाचलं की माणूस उभा राहतो, नावाची गरजच लागत नाही.

असो. कायद्याकडे येते, कारण दाजींचा पहिला प्रश्न तोच होता, "पोलिसांत जायचं का?"

माझं प्रामाणिक उत्तर होतं की आत्ता तरी हाताला फारसं काही लागणार नाही. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती याचिका कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची, आधारच्या विरोधात २०१२ मध्ये केलेली, तेव्हा ते ऐंशीच्या पुढचे होते. त्या वयात एक माणूस कोर्टाची पायरी चढतो म्हणून आज आपल्या सगळ्यांकडे हा हक्क आहे, मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. पण हक्क आणि कायदा यात अंतर असतं. डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५, आणि त्यातही कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने. म्हणजे ज्या कलमांनी सईचं काम झालं असतं ती खऱ्या अर्थाने लागू व्हायला मे २०२७ येणार. तोपर्यंत आयटी कायद्याखालचे २०११ चे जुने नियम, त्यात पासवर्ड, बँकेची माहिती, आजारपण, बोटांचे ठसे हे "संवेदनशील" धरलेत, पण नाव आणि मोबाइल नंबर त्यात बसतच नाही. जो नंबर आज आपला बँकेचा दरवाजा आहे तो संवेदनशील नाही.

नवीन कायद्यात चांगलं काय आहे ते पण सांगते, कारण ते आपल्याला माहीत असायला पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आईबापाची संमती लागणार, आणि मुलांच्या मागावर राहून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी. सई तेव्हा सतराची होती. संमती स्पष्ट पाहिजे, आधीच मारलेली टिक चालणार नाही. दिलेली संमती परत घेता येणार, आणि परत घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. आणि जी गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीत. दाजींना वाचता येईल अशा मराठीत, मंत्रालयाच्या जीआरच्या मराठीत नव्हे एवढी माझी अपेक्षा आहे. दंड मोठे आहेत, सुरक्षेत हलगर्जी केली तर अडीचशे कोटींपर्यंत. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जाणार, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला रुपयाही नाही, आणि आधीच्या आयटी कायद्यात भरपाई मागायचं जे कलम होतं ते या कायद्याने काढायचं ठरवलंय. हे मला पटत नाही. ज्याच्या घरात एकोणीस फोन वाजले त्याला काय मिळालं मग?

तरी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. वेबसाइटच्या अगदी तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल होता, जुन्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो आणि एका महिन्यात तक्रार निकालात काढावी लागते. सईनेच मेल लिहिला, मी फक्त मुद्दे सांगितले, की माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे, कोणाकोणाला दिली, ती काढून टाका आणि ज्यांना दिली त्यांनाही काढायला सांगा, मी अठरा वर्षांखालची आहे. पहिलं उत्तर मशीनचं आलं. बाराव्या दिवशी माणसाचं आलं, दोन ओळींचं, की तुमचा नंबर आमच्या सिस्टिममधून काढला आहे. कोणाला दिला त्याचं उत्तर नाही. आणि येणाऱ्या फोनची तक्रार ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, डीएनडी ॲपवरून करत राहिलो, फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते, रोज रात्री जेवण झाल्यावर सई दाजींचा फोन घेऊन बसायची आणि एकेक नंबर टाकायची. जुलैच्या मध्यावर फोन चार-पाचवर आले, कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू झाल्यावर अजून कमी. पूर्ण बंद काही झाले नाहीत.

आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

कराडहून परत येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच विषय, माझे स्वतःचे फॉर्म. सातारा जिल्ह्यातल्या एका क्लासची वेबसाइट मी चार वर्षांपूर्वी करून दिली होती. सर चांगले आहेत, पोटतिडकीने शिकवतात, गरिबाच्या मुलाची फी सोडतात. त्यांच्या ॲडमिशनच्या चौकशीचा फॉर्म मी केला होता आणि त्यात चौदा चौकटी होत्या. विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, दहावीचे मार्क, वडिलांचं नाव, वडिलांचा धंदा, वार्षिक उत्पन्न, वडिलांचा मोबाइल, आईचा मोबाइल, ईमेल, जात प्रवर्ग, आधार नंबर, आणि आम्हाला कुठून कळलं. का? तर सरांनी कागदी फॉर्म दिला होता तो मी जसाच्या तसा टाइप केला. चौकशीला आलेल्या माणसाला आधार नंबर कशाला विचारायचा हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता आणि पडला नाही.

घरी येऊन मी ती शीट उघडली ज्यात हे सगळं जमा होतं. दोन हजारांच्या वर ओळी. शेअरिंग बघितलं तर "लिंक असलेल्या कोणालाही" उघडी. ती लिंक पहिल्याच वर्षी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली, काउन्सेलरना फोन करायला सोपं पडावं म्हणून, आणि त्या ग्रुपमधले तीन जण केव्हाच क्लास सोडून दुसरीकडे लागलेत. मी वर-खाली करत एकेक ओळ वाचली. एका मुलीच्या वडिलांच्या धंद्याच्या चौकटीत लिहिलं होतं "वडील नाहीत, आई शेतमजूर", उत्पन्न छत्तीस हजार, खाली आईचा मोबाइल, आधार नंबर, गावाचं नाव. ती मुलगी क्लासला आलीच नव्हती, फक्त चौकशी केली होती तिने. तीन वर्षं ती ओळ तिथे होती, ज्याच्याकडे लिंक आहे त्याला वाचता येईल अशी. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं सांगते.

लोकांना वाटतं माहिती फुटते म्हणजे कोणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून मोठ्या कंपनीचा सर्व्हर फोडतो. तसंही होतं, २०२१ मध्ये एअर इंडियाने सांगितलं की पंचेचाळीस लाख प्रवाशांची माहिती गेली, दहा वर्षांच्या तिकिटांची, त्यात पासपोर्टचा तपशील सुद्धा, आणि तेही त्यांच्याकडून नाही तर प्रवाशांचा डेटा सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडून. पण माझ्या डोळ्यांनी मी जे बघितलंय ते बहुतेक वेळा एक शीट असते, एक लिंक असते, एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि नोकरी सोडून गेलेला एक माणूस असतो. आणि ती शीट आमच्यासारख्यांनी बनवलेली असते.

सकाळी आठला सरांना फोन केला, लिंक तर रात्रीच बंद केली होती. सर आधी म्हणाले, "अगं पण डेटा असलेला बरा असतो गं, कधी लागेल सांगता येत नाही." मी म्हटलं सर, चार वर्षांत तुम्हाला यातला आधार नंबर एकदा तरी लागलाय का? नाही म्हणाले. उत्पन्न? नाही, ते प्रत्यक्ष ॲडमिशनला दाखला घेतोच आम्ही. जात प्रवर्ग? नाही. मग मी त्यांना त्या एका ओळीबद्दल सांगितलं, नाव न घेता. सर गप्प झाले. नंतर म्हणाले, "काढ सगळं."

आता त्या फॉर्मला तीन चौकटी आहेत, नाव, इयत्ता आणि एक फोन नंबर. ट्रॅकिंगचं जे काय चिकटवलं होतं, त्यातलं एकही सरांनी कधी उघडून बघितलं नव्हतं, ते सगळं उपटून टाकलं, पान पहिल्यापेक्षा पटकन उघडतं. चौकटींच्या खाली मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलंय, "हा नंबर आम्ही फक्त तुम्हाला एकदा फोन करून क्लासची माहिती द्यायला वापरतो. दुसऱ्या कोणालाही देत नाही. ॲडमिशन घेतलं नाहीत तर ३१ ऑगस्टला काढून टाकतो." सई म्हणाली होती की असं लिहा जे बाबा दुकानात उभ्या उभ्या वाचू शकतील, म्हणून ते तिच्याकडूनच लिहून घेतलं. सरांना काळजी होती की चौकशा कमी होतील. झाल्या नाहीत.

इतर दवाखान्यांचे, हॉटेलांचे फॉर्मही एकेक करून उघडतेय. अकरा झालेत, नऊ राहिलेत. एका डॉक्टरांच्या फॉर्ममध्ये आजाराची चौकट होती आणि ते मेल रिसेप्शनवरच्या चार जणांना एकदम जात होते, ते थांबवलं. एक मंगल कार्यालयवाले ऐकायला तयार नाहीत, त्यांना वधू-वरांचे नंबर कॅटरर आणि फोटोग्राफरला द्यायचे असतात, त्यांचं काम मी सोडलं.

३१ ऑगस्टला रविवार होता. संध्याकाळी सरांना व्हिडिओ कॉल लावला, दोघांनी मिळून त्या वर्षीची चौकशीची शीट उघडली, आणि जुनी दोन हजार ओळींची शीट, जी काढायला सर तोवर "राहू दे थोडे दिवस" करत होते, ती पण उघडली. सर ओळी सिलेक्ट करून डिलीट करायला लागले तर म्हटलं नाही सर, नुसत्या ओळी पुसल्या तर व्हर्जन हिस्ट्रीत जुनी शीट तशीच राहते, अख्खी फाइलच काढायची, आणि मग ट्रॅशमध्ये जाऊन तिथूनही, नाहीतर ती तिथे तीस दिवस पडून असते. सरांनी चष्मा वर केला, ट्रॅश शोधायला दोन मिनिटं लागली त्यांना. मग "कायमचं काढायचं का" असं विचारलं स्क्रीनने, आणि सरांनी मला मोठ्याने विचारलं, "दाबू?"

म्हटलं दाबा.